दुसऱ्या वर्षाला पोरं गळतात, मंडळानं नेमकं काय करायचं?

राकसकोप:
दरवर्षी निकाल लागले की बेळगावच्या पश्चिम भागात गावोगाव गुणवंतांचा सत्कार होतो. दहावीची आणि पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं, ढाल, शाल, पाहुण्यांचं भाषण, चहा. तीच मुलं पुढं डिग्रीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कधी कॉलेज सोडतात ते कुणाला कळतही नाही. पहिल्या वर्षी पालक सोबत येतात, शेवटच्या वर्षी पदवी दिसायला लागते, मधलं वर्ष बेवारस. यंदा आमच्या मंडळाचा ढालींचा खर्च बंद करून तीन गावांतली दुसऱ्या वर्षाची साधारण ३० मुलं धरायचा विचार आहे. बहुतेक जण राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.ला आहेत, सातआठ जण व्हीटीयूला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाला. उपदेश नको. कधी सुरुवात करायची, काय तपासायचं आणि पैसे कुठं घालायचे एवढं सांगा.

आकडेमोड:
आधी हजेरी. सेमिस्टर संपत आलं की कॉलेज नोटीस लावतं, मग पोरगं घरी सांगतं, आणि तोवर गणित आटोपलेलं असतं. कसं ते बघा.

आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, म्हणजे एका विषयाचे ६० तास. परीक्षेला बसायला लागणाऱ्या ७५ टक्क्यांना ४५ लागतात, १५ चुकले तरी चालतात. आता एखादा ६० टक्क्यांनी चाललाय. ३० तास झाले, तो १८ बसला. पुढचे १८ सलग बसला तर ४८ पैकी ३६, बरोबर ७५ टक्के. अजून सावरतं. तोच ४५ तास झाल्यावर जागा झाला तर तोवर २७ बसलेला असतो, पुढचे २७ सलग हवेत आणि उरलेत १५. गेला. ६० टक्केवाल्याची शेवटची गाडी ३७व्या तासाला सुटते, म्हणजे दहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला.

व्हीटीयूला हे आणखी कडक आहे, तिथं ८५ टक्के लागतात. ४० तासांच्या विषयाला ३४. पहिल्या १५ तासांत ९ बसला असेल तर उरलेले २५ च्या २५ बसावे लागतात. आठवड्याला ३ तास धरले तर हा सगळा खेळ पाचव्या आठवड्यातच संपतो. १० टक्क्यांपर्यंतची तूट माफ करायची तरतूद आहे, पण ती मागावी लागते, कारणाचा कागद जोडावा लागतो आणि ती मिळेलच असं धरून चालू नये.

म्हणून पहिली तपासणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी सहाव्यात. आणि विषयवार करा. एकूण हजेरी ७८ टक्के दिसते आणि त्याच पोराची संख्याशास्त्राची ५२ असते. सकाळचा पहिला तास असेल तर हमखास.

आपल्याकडं त्यात शेतीची भर. सत्र जुलैच्या आसपास सुरू झालं तर पहिले आठवडे भाताच्या लावणीत जातात, मधले रताळी काढणीत आणि कापणीत. घरचं काम चुकवता येत नाही हे खरंय, पण १५ तासांची सूट लावणीतच संपवली तर सुगीला शिल्लक काही राहत नाही. जून संपायच्या आत घरच्यांसमोर बसून ठरवा : लावणीला किती दिवस, कापणीला किती. दिवस मोजून दिले की घरचेही ऐकतात. नुसतं ‘कॉलेज बुडवू नको’ कुणी ऐकत नाही.

नाडकचेरी:
माझ्या मते हजेरीइतकीच पोरं कागदांनी गळतात. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळालेली असते, दुसऱ्या वर्षी ती आपोआप येईल असं वाटतं. येत नाही. एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. आणि नेमकं दुसऱ्या वर्षात काय बिघडतं ते सांगतो.

१. उत्पन्नाचा दाखला. जात-उत्पन्नाच्या दाखल्याचं उत्पन्न ५ वर्षं चालतं. बऱ्याच जणांनी तो नववीत काढलेला असतो. नववी, दहावी, पीयूसीची दोन, डिग्रीचं पहिलं : पाच वर्षं तिथं भरली. दुसऱ्या वर्षी दाखल्यावरचा आरडी नंबर टाकला की पोर्टल नाकारतं, आणि तेव्हा दाखले देणाऱ्या नाडकचेरीत रांग लागलेली असते. मे महिन्यातच दाखल्यावरची तारीख बघा.

२. बँक खातं. पैसे खातेनंबरावर जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. पोरगं एका बँकेचं पासबुक घेऊन ‘पैसे आले नाहीत’ म्हणत फिरतं आणि रक्कम मधेच कुणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेल्या पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत पडलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती फुकट दिसते, ओटीपी येणारा मोबाइल जवळ हवा. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान खातं १८ पूर्ण झाल्यावर केवायसी नवं न केल्यानं अडकतं, तेही बघून घ्या. दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. शंभर रुपये भरून काढले तरी जिवंत राहतं.

३. नाव. दहावीच्या मार्क्सकार्डावर आडनाव शेवटी, आधारवर आधी, किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. मार्क्सकार्ड बदलायला वेळ लागतो, त्यामुळं शक्य तिथं आधार मार्क्सकार्डाप्रमाणं करून घेणं सोपं पडतं.

४. ई-अटेस्टेशन. कॉलेजातल्या नेमलेल्या माणसाकडून कागद पोर्टलवर तपासून घ्यायचे असतात, त्याचा आलेला क्रमांक अर्जात टाकायचा. पोरं ही पायरी शेवटच्या आठवड्यावर ठेवतात आणि तो माणूस एकटाच असतो.

मराठा समाज कर्नाटकात ३ब या मागास प्रवर्गात येतो, त्यामुळं आपल्या भागातल्या बऱ्याच मुलांचा संबंध मागासवर्ग कल्याण खात्याशी येतो. सरकारी वसतिगृह न मिळालेल्यांसाठी विद्यासिरी ही योजना आहे : दरमहा ठरावीक रक्कम, १० महिने. वसतिगृहही घ्यायचं आणि विद्यासिरीही, असं चालत नाही. वसतिगृहाचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर असतो.

पीयूसीला उत्तम गुण असलेल्यांना केंद्राची शिष्यवृत्ती लागली असेल तर पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. पण दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला पहिल्या वर्षात किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. आकडेमोड यांचं गणित इथं थेट पैशाला येऊन भिडतं.

खानापुरी:
सगळं बरोबर, पण आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं हजेरी पोराच्या हातात न्हाई ओ, बसच्या हातात हाय. पावसात झाड पडलं की बस न्हाई. बस चुकली की पहिले दोन तास गेले. मुलींना शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून साध्या बसला तिकीट न्हाई, ते चांगलंच झालं, पण तिकीट न्हाई म्हणजे जागा हाय असं न्हवं.

तीन गोष्टी करा. मुलग्यांचा पास सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरनं लवकर काढा, पहिला महिना पैसे देऊन फिरणारा दुसऱ्या महिन्यात चार दिवसच येतो. दुसरं, मार्गवार यादी करा : कुठल्या थांब्यावर किती मुलं, पहिला तास किती वाजता. ही यादी प्राचार्यांच्या सहीनं डेपो व्यवस्थापकाकडं द्या. एकेकट्या पोराचा अर्ज फायलीत जातो, यादी असली की बोलणं तरी होतं. तिसरं, बस आली न्हाई त्या तारखा वहीत लिहा आणि आठवड्याच्या आत कॉलेजला कळवा. सत्राच्या शेवटी ‘पाऊस होता’ म्हटलं तर कोण मानतंय?

पावसाचे चार महिने तिघांचौघांनी मिळून शहरात खोली घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. वर्षभराची खोली परवडत न्हाई म्हणून पोरं घेतच न्हाईत, चार महिन्यांची कुणी विचारतच न्हाई.

मॉड्यूल पाच:
व्हीटीयूच्या मुलांबद्दल. तिसऱ्या सेमिस्टरला शाखेचे खरे विषय सुरू होतात. कॉम्प्युटरवाल्यांना डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकदम अंगावर येतात. पहिल्या वर्षी सी भाषेतले पॉइंटर पाठ करून उत्तीर्ण झालेला इथं लिंक्ड लिस्टला अडकतो. उपाय कंटाळवाणा आहे : सत्र सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे पॉइंटर, स्ट्रक्चर आणि मेमरी घोटून घेणं एवढंच, कागदावर चौकोन आणि बाण काढत, रोज तासभर. नवीन काही शिकवू नका.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वेगळी धरा. वर्कशॉपमध्ये ती सगळ्यांच्या पुढं असतात आणि गणितात सगळ्यांच्या मागं. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची मूळ सूत्रं आधी, मग बाकीचं.

आता गुण. अंतर्गत ५० आणि लेखी ५०. लेखी पेपर १०० चा होतो आणि निम्मा केला जातो. अंतर्गतला किमान २० हवेत, लेखीला किमान १८, आणि दोन्ही मिळून ४०. इथं पोरं फसतात. अंतर्गत २० आणि लेखी १८ म्हणजे दोन्हीकडं उत्तीर्ण, बेरीज ३८, निकाल नापास. अंतर्गत २० असतील तर लेखीला २० लागतात, म्हणजे १०० पैकी ४०. अंतर्गत २२ केले तर लेखीला ३५ वर भागतं. असाइनमेंट वेळेत देऊन मिळालेले ते दोन गुण परीक्षेतल्या पाच गुणांइतके. आणि अंतर्गत २० च्या खाली गेलं तर लेखीला बसताच येत नाही.

पेपर पाच मॉड्यूलचा, प्रत्येकातून एक पूर्ण प्रश्न, २० गुण. मागं पडलेल्याला पाचही मॉड्यूल सारखे करायला लावू नका. तीन नीट करून घ्या. प्रत्येकी १३-१४ मिळाले तर चाळिशी होते. उरलेल्या दोनांत व्याख्या, आकृती, एक छोटं उदाहरण. कोरं मात्र सोडायचं नाही.

जाता जाता : समाजोपयोगी कामांचे ॲक्टिव्हिटी पॉइंट चार वर्षांवाल्यांना १०० लागतात, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. त्यावाचून वर्ष अडत नाही म्हणून सगळे विसरतात, पदवी मात्र अडते. तुमच्या मंडळाला तळ्याची साफसफाई, गावचं सर्वेक्षण असलं काही करायचंच असेल तर आधी कॉलेजला विचारून त्याचे पॉइंट धरले जातील असं बघा.

ताळेबंद:
बी.कॉम.ला मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं पुष्कळ. पीयूसी कसंबसं इंग्रजीत निघतं. दुसऱ्या वर्षी कॉर्पोरेट अकाउंटिंग आणि कॉस्टिंग आलं की शब्दच अंगावर येतात. त्यांना इंग्रजी बोलण्याचे वर्ग लावण्यात पैसे घालवू नका. त्यांना परीक्षेपुरतं, त्या विषयाचं इंग्रजी हवंय. वहीत तीन रकाने : इंग्रजी संज्ञा, तिचा मराठीत अर्थ, आणि उत्तरात वापरायचं एक पूर्ण इंग्रजी वाक्य. तिसरा रकाना पोरं टाळतात आणि गुण तिथंच असतात. रोज ८ संज्ञा केल्या तर एका विषयाला महिना पुरतो.

कल्पना मात्र मराठीतच समजावा. ब्रेक-इव्हन घ्या. वडगावच्या मागावरची साडी ९०० ला जाते, सूत आणि मजुरी मिळून एका साडीला ७०० खर्च, आणि भाडं, हप्ता, विजेचा स्थिर आकार महिना २०,०००. एका साडीमागं २०० सुटतात, म्हणजे १०० साड्यांना खर्च भागला, १०१ वीपासून नफा. हे दोन मिनिटांत कळतं. मग त्यातल्या २०० ला काँट्रिब्यूशन म्हणतात आणि २०,००० ला फिक्स्ड कॉस्ट, एवढंच उरतं. उलट क्रमानं शिकवलं की तासभर जातो आणि तरी समजत नाही.

गणिताच्या पेपरात अजून एक. वर्किंग नोट्स न लिहिता थेट उत्तर लिहिणारे आपल्याकडं फार. उत्तर चुकलं की सगळे गुण गेले. नोट असेल तर पायऱ्यांचे मिळतात.

भाषेचा पेपर चौथ्या सेमिस्टरपर्यंत असतो. मराठी घेता येते, पण कॉलेजात मराठीचा शिक्षक आहे का ते प्रवेशालाच बघायला हवं. मधेच भाषा बदलली की मागचे पेपर डोक्यावर बसतात. (कन्नड पेपर घ्या अगर घेऊ नका, कन्नड वाचता येऊ द्या. इथल्या निम्म्या नोटिसा त्यातच असतात.)

खानापुरी:
मागं राहिलेल्या पेपरांचं कुणी बोललंच न्हाई. पहिल्या सेमिस्टरचे दोन बॅक घेऊन दुसऱ्या वर्षाला आलेला पोरगा, त्याचं काय?

आकडेमोड:
बॅक कर्नाटकात, पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला त्यालाच एटीकेटी. दोन्हीकडं पोरं ते शेवटच्या वर्षावर ढकलतात. तसं करू नका. पहिल्याचे पेपर तिसऱ्याबरोबर, दुसऱ्याचे चौथ्याबरोबर संपवायचे. परीक्षेचा अर्ज यूयूसीएमएस या विद्यापीठांच्या पोर्टलवर भरताना चालू सेमिस्टर भरलं आणि मागचे पेपर निवडायचे राहिले तर थेट पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. अर्ज भरून झाला की छापील प्रतीवर विषयांची संख्या मोजा : या वेळचे अधिक मागचे. हॉल तिकीट आल्यावर परत मोजा. निकाल लागला की अंतर्गत गुण चढलेत का बघा. न चढल्यानं ‘नापास’ दिसणारे असतात, ते लगेच कॉलेजात सांगावं लागतं. उत्तरपत्रिकेची प्रत आणि फेरतपासणी यांची मुदत थोडी असते, निकालाच्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

दोन बॅक म्हणजे संकट नाही. पाचाच्या वर गेले की एका फेरीत सगळे देऊ नका म्हणावं; ज्यात ३० च्या घरात गुण होते ते आधी.

आणि ‘एक वर्ष थांबून परत येतो’ म्हणणाऱ्याला एक गोष्ट सांगाच. २०२१ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आला, २०२४ मध्ये राज्यानं पुन्हा तीन वर्षांवर नेला. मधे थांबलेला परत येतो तेव्हा विषयच बदललेले असतात, समकक्ष पेपर शोधत बसावं लागतं. थांबायचंच असेल तर टी.सी. काढू नये, कॉलेजला लेखी कळवून थांबावं.

उद्यमबाग:
थोडं विरोधात बोलतो. कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला तुम्ही परत वर्गात बसवणार, आणि तीन वर्षांनी तो त्याच गेटवर त्याच पगाराला येणार. बी.ए. करून काय दिवे लागतात? सगळ्यांना टिकवायचा अट्टहास कशाला?

ताळेबंद:
अट्टहास नको, हिशोब करा. दुसऱ्या वर्षात सोडणाऱ्याच्या हातात पहिल्या वर्षाची गुणपत्रिका राहते आणि तिला गेटवर कुणी विचारत नाही. ज्याला यंत्राचंच काम आवडतं त्यानं आयटीआय किंवा डिप्लोमाकडं वळावं, त्याला कुणी अडवू नये. पण बरेच जण कामाच्या आवडीनं जात नाहीत, परीक्षेची फी आणि खोलीभाडं यांच्यासाठी जातात आणि मग तिथंच राहतात. अशा पोराला काम सोड म्हणू नका. दुपारनंतरची पाळी किंवा नुसता रविवार मिळतो का बघा. रात्रपाळी मात्र नको, सकाळचे तास झोपेत जातात.

मंडळाचे पैसे इथं घाला. बक्षीस म्हणून नव्हे, फिरता निधी म्हणून. परीक्षेची फी, पास, चार महिन्यांचं भाडं. शिष्यवृत्ती जमा झाली की परत. फी शक्यतो मुलासोबत बसून थेट भरा, रोख हातात देऊ नका. दुसऱ्या वर्षाची कॉलेज फी एकरकमी मागितली तर हप्त्यांसाठी प्राचार्यांना लेखी अर्ज करा. तोंडी विनंती काउंटरवरच मरते.

उद्यमबाग:
हे पटलं. आयटीआयवाल्यांना कमी लेखू नका एवढंच म्हणणं होतं.

चंदगडी:
सीमेपलीकडचंही ऐका. शिनोळी, तुडये भागातली मुलं बेळगावात शिकतात. पत्ता महाराष्ट्राचा, त्यामुळं शक्ती नाही आणि एसएसपीही नाही. एसटीला महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ते हद्दीपर्यंत. पुढचं पूर्ण. म्हणून महिन्याचा हिशोब करून पास घेणं बरं पडतं. उलट निपाणीची मुलं अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजला जातात. अंतर चालत जाण्याइतकं, पण कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिवाजी विद्यापीठाचं. दाखले कर्नाटकाचे, विद्यापीठ महाराष्ट्राचं, त्यांच्या कागदांची फाइल वेगळी ठेवा.

दुसऱ्या वर्षात विद्यापीठ बदलायचं डोक्यात घेणारे असतात. मायग्रेशन, ना-हरकत, विषयांची समकक्षता, यात निम्मं सत्र जातं. मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरवर काढलेला असला तरी नवीन कॉलेज विषय जुळवतंच. बदलायचं तर सत्र सुरू व्हायच्या आधी, नाहीतर नको. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशात सीमाभागाचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी तो पर्याय आधी बघावा.

राकसकोप:
भरपूर मिळालं. शेवटचं विचारतो. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याची चौकशी कुणी करायची? मंडळाचे अध्यक्ष फोन करायला तयार आहेत.

आकडेमोड:
अध्यक्ष नकोत. त्यांच्या फोनला सगळी पोरं ‘चांगलं चाललंय काका’ म्हणतात. त्याच कॉलेजची तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या, एकाला पाचच नावं. मुलींना मुलींनीच फोन करायचा. रविवारी संध्याकाळी, पोराच्या स्वतःच्या मोबाइलवर, घरच्या नव्हे. विचारायचं एवढंच : प्रत्येक विषयाचे किती तास झाले आणि किती बसलास, पहिल्या टेस्टला किती पडले, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या पायरीवर आहे, फी किती बाकी आहे. उत्तर आकड्यात हवं. ‘ठीक आहे’ आलं तर तो रकाना रिकामा ठेवा आणि मंगळवारी समोर भेटा. लग्नाची बोलणी, घरातलं आजारपण हे फोनवर कुणी सांगत नाही, भेटीत कळतं. पोरगं फारच खचलेलं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट क्रमांक त्याला द्या, चोवीस तास चालतो.

घरी चुगली केली असं एकदा वाटलं की पुढचा फोन उचलला जात नाही. आईवडिलांना सांगायचं ते पोराला विचारून.

राकसकोप:
ठीक. ढालींची ऑर्डर दिलेली नाही. मेच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयात दाखल्यांच्या तारखा आणि बँक जोडणी तपासायची. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायला सांगतो, नाहीतर दिवस फुकट जाईल.

चंदगडी:
शिनोळीच्या दोन मुली तुमच्या यादीत बसतील का? बेळगावलाच आहेत, बी.कॉम. दुसरं.

राकसकोप:
बसतील. फाइल वेगळी, पण बसतील. पाठवा.